कोल्ट वॉकर १८४७ : खरं रिव्हॉल्व्हर कसं ओळखायचं आणि कसं जोखायचं

कोल्ट वॉकर समोर आलं की ते खोटं आहे असं धरूनच तपासणीला बसावं. हा संशयखोरपणा नाही, साधं गणित आहे. हे रिव्हॉल्व्हर बनलं एकूण ११००, आणि त्यातली बरीचशी पहिल्या काही वर्षांतच फुटली, मोडली, भंगारात गेली. त्याच्या नकला, जोडतोड केलेल्या प्रती आणि आधुनिक प्रतिकृती यांची संख्या अस्सल वॉकरच्या कितीतरी पट आहे.

बहुतेक खरेदीदारांची चूक क्रमात होते. ते आधी गोष्ट ऐकतात, मग कागद बघतात, मग ठसे बघतात, आणि धातूकडे शेवटी वळतात. तोवर मन बनलेलं असतं. क्रम उलटा हवा : आधी मापं, मग धातू, मग ठसे, आणि सर्वांत शेवटी कागद. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

हे रिव्हॉल्व्हर एवढं दुर्मीळ का

सॅम्युअल कोल्टचा न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा कारखाना १८४२ मध्ये बुडाला. त्याची पाच बारी पॅटरसन रिव्हॉल्व्हरं टेक्सासच्या रेंजर्सकडे, म्हणजे तिथल्या सशस्त्र घोडेस्वार दलाकडे होती आणि ८ जून १८४४ ला कोमांची या मूळनिवासी जमातीविरुद्धच्या चकमकीत त्यांनी ती वापरली होती. त्या तुकडीतला सॅम्युअल हॅमिल्टन वॉकर १८४६ च्या अखेरीस मेक्सिको युद्धासाठी कोल्टच्या संपर्कात आला. त्याला हवं होतं ते मोठं, सहा बारी, घोड्यावरून वापरता येईल असं शस्त्र. जानेवारी १८४७ मध्ये अमेरिकी सरकारने १००० नगांची मागणी नोंदवली. कोल्टकडे कारखानाच नव्हता, म्हणून कनेटिकटमधल्या व्हिटनीव्हिलला एलाय व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात हे काम झालं. सरकारी हजार नगांशिवाय सुमारे शंभर नग खासगी विक्रीसाठी आणि भेट देण्यासाठी बनले. त्यांतली १००९ आणि १०१० क्रमांकाची जोडी कोल्टने वॉकरला पाठवली. ९ ऑक्टोबर १८४७ ला वामांत्लाच्या लढाईत वॉकर मारला गेला.

आता मोडतोडीबद्दल, कारण तपासणीत नंतर हेच कामाला येतं. सिलिंडर, म्हणजे बार भरायचा फिरणारा भाग, लांब होतं, त्याच्या एका चेंबरमध्ये (घरात) साठ ग्रेन, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम काळी दारू मावत असे. त्या काळच्या पिस्तुलांच्या मानाने हे प्रमाण फार मोठं होतं. धातूची प्रत एकसारखी नव्हती. शिपाई टोकदार गोळ्या कधी उलट्या ठासत, कधी दारू जास्त भरत. सिलिंडर फुटत, नळ्या तडकत. हजारातली सुमारे तीनशे रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीसाठी परत आली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दुसरा दोष ठासणीच्या, म्हणजे गोळी चेंबरमध्ये दाबून बसवायच्या, दांड्याचा : तो नळीखाली एका छोट्या स्प्रिंगवर अडकवलेला होता आणि बार उडाल्यावर धक्क्याने खाली पडे. दांडा पडला की ठासणी चेंबरच्या तोंडात शिरते आणि सिलिंडर फिरत नाही. लोक तो चामड्याच्या वादीने नळीला बांधून ठेवत. १८४८ पासूनच्या ड्रॅगून मॉडेलमध्ये चेंबर आखूड केलं, नळी साडेसात इंचांवर आणली आणि दांड्याच्या टोकाला पक्की कडी दिली.

म्हणजे खऱ्या वॉकरवर दुरुस्तीच्या खुणा असणं स्वाभाविक आहे. कसलीही खूण नसलेलं, लखलखीत वॉकर दिसलं तर जास्त सावध व्हावं.

हात लावण्याआधी

सोबत न्यायचं सामान थोडंच आहे : दहापट मोठं दाखवणारं भिंग, प्लास्टिकच्या जबड्यांचा व्हर्नियर कॅलिपर, लहान टॉर्च, नळीच्या आत बघायला वाकणाऱ्या देठाचा दिवा, दीडएक फूट लांबीची लाकडी गोल काठी, पेन्सिल, नायट्राइलचे हातमोजे, तीन किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा. अतिनील किरणांचा छोटा टॉर्च असेल तर उत्तम. धातूचे कॅलिपर ठशांजवळ नेऊ नयेत, ओरखडा उठतो आणि मालक रास्तपणे चिडतो.

पहिलं काम सुरक्षेचं. ठासणीच्या शस्त्रात पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा बार तसाच असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या काळानंतरही पेटते. नळीचं तोंड कुणाकडेही नको. सिलिंडरच्या मागच्या सहाही निपलांवर (बार पेटवणारी टोपी जिथे बसते त्या बारीक नळकांड्यांवर) टोपी नाही ना ते बघा. मग लाकडी काठी नळीतून अलगद आत सोडा, समोरच्या चेंबरच्या तळापर्यंत जाऊ द्या, नळीच्या तोंडापाशी पेन्सिलने खूण करा. घोडा अर्धा ओढून सिलिंडर एकेक घर फिरवत सहाही चेंबर असंच मोजा. सहा खुणा एकाच जागी आल्या पाहिजेत. एखादी खूण इतरांपेक्षा अलीकडे आली, तर त्या चेंबरमध्ये काहीतरी आहे. कदाचित नुसती घाण, कदाचित बार. ठोकून, खरवडून, गरम करून ते काढायला जाऊ नये. तपासणी तिथेच थांबवावी आणि जुन्या शस्त्रांचं काम करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे ते सोपवावं. सहाही खुणा सारख्याच अलीकडे आल्या तरी निर्धास्त होऊ नये, सहाही भरलेले असू शकतात. त्यासाठी सिलिंडरच्या बाहेरच्या लांबीशी खोली ताडून बघावी.

दुसरी गोष्ट, घोडा ओढून चाप दाबून बघू नये. जुनी स्प्रिंग मोडते, निपलांची तोंडं चेपतात. मालकाने स्वतःहून तसं करून दाखवायला घेतलं तर नम्रपणे थांबवावं.

मापं

खऱ्या वॉकरची मापं पाठ असावीत. नळी ९ इंच, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. एकूण लांबी साडेपंधरा इंच, सुमारे ३९.४ सेंटिमीटर. सिलिंडर २ पूर्णांक ७/१६ इंच, म्हणजे ६१.९ मिलिमीटर. नळीच्या आतला व्यास .४४ कॅलिबर, म्हणजे साधारण ०.४४ इंच. नळीत गोळीला फिरकी देणारे सात आटे. वजन ४ पौंड ९ औंस, सुमारे २.०७ किलो.

ड्रॅगूनचं सिलिंडर २ पूर्णांक ३/१६ इंच, म्हणजे ५५.६ मिलिमीटर, आणि वजन ४ पौंड २ औंस. दोघांच्या सिलिंडरमध्ये सहा मिलिमीटरचा फरक आहे आणि खोटेपणा पकडायला हा फरक फार उपयोगी पडतो. ड्रॅगूनपासून वॉकर बनवायचं तर सिलिंडर लांबवावं लागतं किंवा नवीन बनवावं लागतं, नळीला दीड इंच जोड द्यावा लागतो. या दोन्ही कामांच्या खुणा पूर्ण लपवणं कठीण असतं.

मापात घ्यायच्या सवलतीही माहीत हव्यात. नळीचं तोंड झिजलेलं असेल किंवा कुणीतरी कापून सरळ केलं असेल, तर लांबी कमी भरते. कापलेल्या नळीचं खरं वॉकर असू शकतं, किंमत मात्र मोठ्या फरकाने उतरते. सिलिंडरच्या लांबीत तशी सवलत नाही. तिथे मिलिमीटरभर जरी फरक आला तरी कारण शोधायचंच.

मापं आणि वजन जुळलं म्हणून हुरळू नये. इटलीत बनलेल्या आधुनिक प्रतिकृती, विशेषतः उबेर्ती या कारखान्याच्या, मापाने जवळपास तंतोतंत असतात. मापं ड्रॅगूनची जोडतोड पकडतात, प्रतिकृती पकडत नाहीत. प्रतिकृती धातूत सापडते.

धातू

इथे घाई करू नये. तपासणीचा अर्धा वेळ याच भागाला द्यावा.

सुरुवात नळीपासून. टॉर्च धातूला जवळजवळ समांतर धरून नळीवरून हळूहळू सरकवा. जोड दिला असेल तर त्या जागी पृष्ठभाग किंचित खाली-वर होतो, गंजाचा पोत बदलतो किंवा रंगाचा एक पट्टा दिसतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा धातू वेगळा असतो, म्हणून तो वेगळ्या तऱ्हेने काळवंडतो. मग आतला दिवा सोडा. आट्यांच्या कडा तोंडापासून मागेपर्यंत अखंड गेल्या पाहिजेत. मध्येच एक वर्तुळाकार रेघ दिसली, किंवा आट्यांची झीज एका ठिकाणी एकदम बदलली, तर बाहेरून कितीही साफ दिसो, नळी जोडलेली असण्याची शक्यता मोठी. काही नकलांत जुनी नळी पोखरून आत नवा अस्तराचा नळ बसवलेला असतो. तो तोंडापाशी बारीक वर्तुळासारखा दिसतो. शंका राहिली तर क्ष-किरण तपासणीचा आग्रह धरावा. लाखो डॉलरच्या व्यवहारात ती मागणी गैर नाही, आणि विक्रेत्याने नकार दिला तर तेच उत्तर समजावं.

मग सिलिंडर. त्याला अडवणाऱ्या खाचांच्या तळाशी, जिथे चेंबरची भिंत सर्वांत पातळ असते, तिथे केसासारखे तडे शोधा. चेंबरच्या तोंडाकडून बघा : एखाद्या चेंबरचा आतला रंग वेगळा असेल, तर ते फुटून भरलेलं असेल. फुटलेलं आणि जुन्या काळीच दुरुस्त झालेलं सिलिंडर हा दोष आहे, खोटेपणा नाही. नवीन भराव मात्र भिंगाखाली बारीक छिद्रांचा दिसतो आणि आजूबाजूच्या धातूपेक्षा त्याचा काळसरपणा कमी असतो.

सिलिंडर अडवणाऱ्या खाचा वॉकरमध्ये लंबगोल असतात. पहिल्या मॉडेलच्या ड्रॅगूनमध्येही तशाच होत्या, पुढच्या मॉडेलांत त्या आयताकृती झाल्या. आयताकृती खाचांचं सिलिंडर घेऊन कुणी वॉकर म्हणत असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही.

झिलईबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सैनिकी वॉकरचं सिलिंडर निळसर न करता धातूच्या मूळ रंगातच ठेवलेलं होतं. नळीला ब्लूइंग, म्हणजे निळसर-काळी झिलई, फ्रेम, घोडा आणि ठासणीच्या दांड्याला केस हार्डनिंगचे, म्हणजे पृष्ठभाग कठीण करताना उमटणारे रंग, चापाचं कडं पितळेचं आणि मागे चौकोनी. आज बहुतेक नगांवर यातलं काहीच उरलेलं नाही. करडा, तपकिरी, कधी खड्डे पडलेला पृष्ठभाग हेच त्यांचं नेहमीचं रूप. म्हणून ब्लूइंग दिसलं तर ते कुठे आहे हे बघायचं. मूळ ब्लूइंग उंचवट्यांवरून आणि कडांवरून आधी जातं, खोबणीत आणि नळी घट्ट धरणाऱ्या आडव्या पाचरीच्या आजूबाजूला टिकतं. गंजाच्या खड्ड्यांच्या आतसुद्धा निळा रंग दिसला, तर ब्लूइंग गंजानंतरचं आहे. सिलिंडर नळीइतकंच निळं असेल तर तोही प्रश्नच.

झिजेत सुसंगती शोधायची असते. हे घोड्याच्या खोगिराला बांधलेल्या चामडी म्यानातलं शस्त्र होतं, कमरेला लावायचं नव्हतं. झीज नळीच्या तोंडाशी, सिलिंडरच्या फुगवट्यावर, मुठीच्या तळाशी अधिक. उलट, मुठीच्या लाकडाआड दडलेल्या पट्ट्यांचा आतला भाग, नळी आणि फ्रेम जिथे भिडतात तो भाग, पाचरीची खोबण, हे सगळं म्यानात घासत नाही. तिथे कडा जास्त तीक्ष्ण आणि ठसे जास्त ठसठशीत असायला हवेत. बाहेरून म्हातारं आणि आतून कोरं, पांढऱ्या धातूचं, ताज्या कानशीच्या रेघांचं शस्त्र दिसलं तर बाहेरचं म्हातारपण आम्लाने आणलेलं असतं. आम्लाचा गंज सगळीकडे सारखा पसरतो. खरा गंज मनमानी असतो : हाताच्या घामाची जागा, म्यानाच्या शिवणीची जागा, पडून राहिलेली बाजू.

आतला भाग बघण्यासाठी रिव्हॉल्व्हर उघडावं लागतं. ते मालकाने किंवा त्याच्या कारागिराने करावं, पण कसं होतं ते माहीत असावं म्हणजे चुकीचं काही होत असेल तर थांबवता येईल. वॉकरच्या फ्रेमला वरची पट्टी नाही. नळी मधल्या दांड्यावर बसते आणि आडव्या पाचरीने घट्ट होते. घोडा अर्धा ओढायचा. पाचर पितळेच्या किंवा कठीण लाकडाच्या ठोक्याने, हलक्या हाताने सरकवायची. पोलादी हातोडी वर्ज्य. मग नळी पुढे ओढायची, आणि सिलिंडर दांड्यावरून निघतं. नळी अडली तर ठासणीचा दांडा तरफेसारखा वापरून ती ढकलायची जुनी पद्धत आहे. प्रतिकृतीवर ती चालते, अस्सल वॉकरवर ती वापरू देऊ नये. दांडा वाकतो किंवा सिलिंडरच्या पातळ कडेवर व्रण उठतो. स्क्रूंना हातच लावायचा नाही. खाचा चिघळलेले स्क्रू किंमत कमी करतात, आणि त्या खाचा कुणी चिघळवल्या हा वाद मग तुमच्या गळ्यात येतो.

आधुनिक प्रतिकृतीवर इटलीतल्या गार्दोने शहराच्या तपासणी केंद्राचे ठसे असतात, चौकटीत वर्षाची खूण असते, बनवणाऱ्याचं नाव असतं, 'फक्त काळी दारू' अशी सूचना असते. फसवणारा हे सगळं कानशीने घालवतो. पण कानस लावली की तिथली सपाटी दबते. नळीखालचा दांड्याआडचा भाग, फ्रेमची उजवी बाजू आणि सिलिंडरची मागची कड इथे तिरप्या प्रकाशात उथळ खळगा दिसला, तर तिथे आधी काहीतरी होतं असं समजावं.

ठसे

आता ठशांकडे. सरकारी नगांवर सैन्यातल्या कंपनीचं, म्हणजे तुकडीचं, अक्षर आणि क्रमांक असतो : ए, बी, सी, डी आणि ई कंपनी, आणि त्यापुढे त्या कंपनीतला क्रमांक. पहिल्या चार कंपन्यांचे क्रमांक दोनशेच्या पुढे जातात, ई कंपनीचे सव्वाशेच्या आतच थांबतात. 'ई कंपनी १८०' असा ठसा दिसला तर हसून वस्तू परत द्यावी. खासगी नगांवर कंपनी नसते, नुसता क्रमांक असतो, १००१ पासून ११०० पर्यंत.

नळीवर कोल्टचं नाव आणि न्यू यॉर्क सिटीचा पत्ता असतो. नळीच्या मागच्या जाड भागावर, उजव्या बाजूला, पाचरीच्या वर 'यू. एस.' आणि खाली १८४७ असतं. कंपनी व क्रमांक डाव्या बाजूला नळीच्या जाड भागावर, फ्रेमवर, आणि सिलिंडरवरही असतो. सिलिंडरवर रेंजर्स आणि कोमांचींच्या लढाईचं चित्र रोलरने उमटवलेलं होतं. ते वॉटरमन ऑर्म्सबी या न्यू यॉर्कच्या खोदकाम कारागिराचं. बहुतेक सैनिकी वॉकरवर ते पूर्ण झिजलेलं आहे. खाचांच्या आजूबाजूला एखादा घोड्याचा पाय किंवा झाडाची रेघ उरली असली तरी ती मोलाची. झिजलेल्या शस्त्रावर पूर्ण, कुरकुरीत चित्र असेल तर ते नंतर उमटवलेलं आहे.

ठसा खरा की नवा, हे ओळखायला भिंग लागतं आणि तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, अक्षराची कड. पंच मारून उठवलेल्या अक्षराभोवतीचा धातू बाजूला ढकलला जाऊन किंचित वर येतो. वर्षानुवर्षांच्या वापरात तो उंचवटा गुळगुळीत होतो. हत्याराने खोदलेलं अक्षर इंग्रजी व्ही आकाराच्या चराचं असतं आणि त्याच्या तळाशी हत्याराच्या रेघा दिसतात. दुसरी, गंज आणि अक्षर यांचा क्रम. गंजाचा खड्डा अक्षराची कड खाऊन पुढे गेला असेल, तर अक्षर आधीचं. अक्षराची कड खड्ड्यातूनही तुटक न होता सरळ गेली असेल, तर अक्षर नंतरचं. ही तपासणी सर्वांत उपयोगी आहे, आणि फोटोवरून करता येत नाही. तिसरी, अक्षराच्या तळाचा रंग. जुन्या ठशाच्या तळाशी काळसर, घट्ट बसलेली घाण असते. अतिनील प्रकाशात ती मंद राहते. रंग किंवा मेण भरून जुनं केलं असेल तर बऱ्याचदा तिथे चमक येते.

क्रमांक सगळीकडे एक असले तर उत्तम. नसले तर लगेच नाकारू नये. फुटलेल्या नगांचे चांगले भाग दुसऱ्यांत बसवले गेले, त्यामुळे एका क्रमांकाच्या फ्रेमवर दुसऱ्याचं सिलिंडर असणं इतिहासाला धरून आहे. किंमत कमी होते, वस्तू मात्र अस्सलच राहते. उलट सर्व क्रमांक जुळतात पण एका भागावरचा ठसा बाकीच्यांपेक्षा ताजा आहे, हे जास्त वाईट. त्याचा अर्थ कुणीतरी क्रमांक 'जुळवला' आहे.

याच कुळातली दोन भावंडं माहीत असावीत, कारण प्रामाणिक विक्रेतेही कधी घोळ घालतात. उरलेल्या वॉकर भागांपासून कनेटिकटमधल्या हार्टफर्डला बनलेली सुमारे २४० रिव्हॉल्व्हरं व्हिटनीव्हिल-हार्टफर्ड ड्रॅगून म्हणून ओळखली जातात. त्यांचे क्रमांक ११०० च्या पुढे सुरू होऊन साधारण १३४० पर्यंत जातात. दुसरी, फुटलेल्या वॉकरच्या बदल्यात सरकारला दिलेली सुमारे ३००, क्रमांक २२१६ ते २५१५ च्या दरम्यान. त्यांतही वॉकरचे भाग आहेत आणि नळी साडेसात इंचांची. संग्राहक त्यांना फ्लक ड्रॅगून म्हणतात. दोन्ही स्वतंत्रपणे मौल्यवान आहेत. त्यांना वॉकर म्हणून घेणं ही महागडी चूक, आणि त्यांच्यापासून वॉकर बनवणं हा गुन्हाच म्हणावा.

कागद आणि गोष्टी

'आमच्या पणजोबांनी रेंजर्समध्ये असताना वापरलेलं' हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या वॉकरबरोबर येतं. प्रतिज्ञापत्र हा पुरावा नव्हे, ते फक्त कुणीतरी काहीतरी म्हटल्याची नोंद आहे. खरा पुरावा म्हणजे त्या माणसाचं नाव सैन्याच्या हजेरीपटात सापडणं, जुन्या वारसापत्रात शस्त्राचा क्रमांकासह उल्लेख असणं, किंवा ओळखता येईल अशा खुणांसकट जुना फोटो असणं. कंपनीच्या अक्षरावरूनही वापरणारा ठरत नाही. ठसे माउंटेड रायफल्स या अमेरिकी सैन्याच्या घोडेस्वार पलटणीतल्या कंपन्यांचे, पण रेंजर्सच्या हातातही हीच रिव्हॉल्व्हरं गेली. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धातही काही वापरात होती, म्हणजे एका नगाला दोन-तीन आयुष्यं असू शकतात.

पूर्वी कुठल्या संग्रहात होतं याची साखळी मात्र उपयोगी. जुन्या लिलावांच्या यादीतला फोटो मिळवून आजच्या वस्तूशी ताडून पाहावा : तोच ओरखडा, तोच खड्डा, मुठीच्या लाकडाची तीच शीर. लाकडाची शीर बोटांच्या ठशासारखी असते, नकलकाराला ती जुळवता येत नाही. जुन्या फोटोत ब्लूइंग कमी आणि आता जास्त असेल, तर मधल्या काळात काय झालं हे उघडच आहे.

तुलनेसाठी डोळ्यांना सवय लावायची तर खरी वॉकर काचेआड का होईना पाहायला हवीत. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये कोल्टच्या पत्नीने दिलेला संग्रह आहे, त्याच शहरात कनेटिकट इतिहास संग्रहालयात कारखान्याचा संग्रह आहे, वायोमिंगमध्ये कोडीच्या बफेलो बिल केंद्रात मोठं शस्त्रदालन आहे आणि टेक्सासमध्ये वेकोला रेंजर्सचं संग्रहालय आहे. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींना वेको गाडीने सहज जाता येण्याजोगं. तिथे ठशांपेक्षा कडा बघाव्यात : खऱ्या झिजलेल्या धातूची कड कशी गोल होते, हे एकदा डोळ्यात बसलं की आम्लाचं काम लगेच खटकतं.

किंमत कशाने चढते, कशाने उतरते

ऑक्टोबर २००८ मध्ये एक वॉकर अमेरिकेतल्या लिलावात ९ लाख २० हजार डॉलरला गेलं. एप्रिल २०१८ मध्ये मूळ पेटीसकट असलेलं एक खासगी नगांपैकी वॉकर १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. एका डॅनिश जहाज कप्तानाकडचं म्हणून ते प्रसिद्ध आहे. हे आकडे सरसकट लावू नयेत. दोन्ही अपवादात्मक अवस्थेतली होती, आणि जाहीर आकड्यात खरेदीदाराला हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, द्यावा लागणारा प्रीमियम मिळवलेला असतो. साधं, झिजलेलं पण अस्सल वॉकर याच्या लहानशा हिश्शात मिळतं.

चढवणारी कारणं : मूळ झिलई शिल्लक असणं, सिलिंडरवरचं चित्र वाचता येणं, सर्व क्रमांक जुळणं, पूर्ण लांबीची नळी, मूळ ठासणी दांडा, काळी दारू ठेवायची मूळ कुपी सोबत असणं. मूळ दांडा हा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही. खाली पडण्याच्या दोषामुळे कित्येकांवर नंतर ड्रॅगूनसारखी कडी बसवली गेली. जुन्या काळचा तो बदल समजण्यासारखा, तरी किंमत उतरवणारा. निपल बदललेले असणं मात्र फार मनावर घेऊ नये, ते झिजणारे भाग होते.

सर्वांत जास्त नुकसान कशाने होतं, तर पॉलिशने. हौशी माणसाने एका दुपारी लोखंडी काथ्याने आणि पेस्टने घासून चकचकीत केलेलं शस्त्र कायमचं उतरतं. ठशांच्या कडा आणि खड्ड्यांचा क्रम, म्हणजे अस्सलपणाचा पुरावाच, पुसला जातो.

कायदा आणि सांभाळ

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र प्राचीन धरलं जातं, तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना आहे, पण दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेतल्यांनाच. चालू स्थितीतलं टोपीचं रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही, परवाना लागतो. परदेशातून मागवण्याचा विचार परवानगीशिवाय करूच नये. वाड्याच्या माळ्यावर एखादं जुनं टोपीचं पिस्तूल सापडलं, तर आधी पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी कळवावं. सूट लागू व्हावी म्हणून स्वतःच नळी भरून टाकणं किंवा भोक पाडणं टाळावं, आधी विचारावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

सांभाळायला फार काही लागत नाही. हातमोज्यांशिवाय हात लावू नये, घामाचे मीठ धातूत उतरतं. सैल गंज बांबूच्या टोकदार काडीने आणि हलक्या यंत्रतेलाच्या थेंबाने, भिंगाखाली, हळूहळू सैल करावा. तपकिरी थर मुळीच काढू नये. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा आणि मऊ कापडाने पुसावा. वर्षातून एकदा पुरे. पितळेला ब्रासो लावू नये. अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल पाजू नये, ते काळं चिकट होतं.

चामड्याच्या म्यानात किंवा बंद, बनाती पेटीत शस्त्र ठेवणं हे गंजाला आमंत्रण. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं धातूला खातात. म्यान वेगळं, शस्त्र वेगळं. खोलीची आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर हवी. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ती एरवी नव्वदीला टेकते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि सोबत आर्द्रतामापक ठेवावा. जेलच्या रंगीत मण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून कोरडे करून परत वापरता येतात.

विम्यासाठी आणि भविष्यातल्या विक्रीसाठी फोटो काढताना प्रत्येक ठशाचा एक समोरून आणि एक तिरप्या प्रकाशात, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून घ्यावा. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाचे, पाचरीच्या खोबणीचे आणि सहाही चेंबरांच्या तोंडांचे फोटोही हवेत. ते तारखेसह दोन जागी जपावेत, आणि त्यांतली एक जागा शस्त्राच्या घरापासून दूरची असावी.